मृत्यूनंतरची कामे: कोणती तातडीची आणि कोणती थांबू शकतात

घरात मृत्यू झाला की पहिल्या तासाभरात भेटायला येणारा प्रत्येक माणूस काही ना काही सुचवतो आणि ते सगळेच तातडीचे वाटू लागते. कोणी बँकेत लगेच कळवायला सांगतो, कोणी कपाटाच्या किल्ल्या ताब्यात घ्यायला सांगतो, तर कोणी विम्याची पॉलिसी कुठे ठेवली आहे असे विचारतो. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी टाळताच येणार नाहीत अशी कामे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. उरलेली काही दिवस, काही आठवडे आणि काही तर महिनेही थांबू शकतात. ही दोन प्रकारची कामे एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो: जे थांबले असते ते घाईने उरकले जाते आणि ज्याला खरोखर मुदत होती ते राहून जाते. म्हणून पुढील मजकुरात कामांचा क्रम त्यांच्या मुदतीनुसार लावला आहे. कायदे देशोदेशी वेगळे असल्यामुळे नेमक्या मुदती आणि कार्यालये आपापल्या ठिकाणी विचारून घ्यावीत. कामांचे स्वरूप मात्र बहुतेक ठिकाणी सारखेच आहे.

पहिले काही तास

रुग्णालयात मृत्यू झाल्यास मृत्यूची खात्री करणे, त्याची नोंद करणे आणि पहिले कागद तयार करणे ही जबाबदारी तिथल्या डॉक्टरांची असते. घरी मृत्यू झाला आणि तो दीर्घ आजारामुळे अपेक्षित असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवावे. मृत्यूचे कारण लिहून देण्यासाठी रुग्णाला अलीकडे तपासलेले डॉक्टर लागतात, म्हणून आजारपण शेवटाकडे झुकलेले दिसत असतानाच त्यांचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक आणि ते उपलब्ध नसल्यास पर्यायी डॉक्टरांचे नाव विचारून ठेवणे शहाणपणाचे असते.

अपघात, पडणे, विषबाधा, आत्महत्येची शंका किंवा धडधाकट माणसाचा अचानक मृत्यू अशा प्रसंगी गोष्ट वेगळी आहे. तिथे पोलिसांना किंवा त्या ठिकाणच्या मृत्यूचौकशी अधिकाऱ्यांना कळवावे लागते आणि ते येईपर्यंत देह हलवू नये, अंगावरच्या नळ्या किंवा कपडे काढू नयेत, औषधांच्या बाटल्या जागच्या जागी राहू द्याव्यात. आपल्यावर संशय घेतला जात आहे असे कुटुंबाला वाटते आणि ते वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही चौकशी नियमाचा भाग असते आणि तिच्याशिवाय पुढचा कोणताच कागद मिळत नाही. शवविच्छेदन झाले तर अंतिम कारण कळायला आठवडे लागू शकतात. तोवर अंत्यसंस्काराची परवानगी आणि तात्पुरता दाखला मिळतो का, हे त्याच वेळी विचारावे.

खऱ्या अर्थाने घड्याळाकडे बघून करायचे काम एकच आहे, ते म्हणजे नेत्रदान. नेत्रपटल मृत्यूनंतर काही तासांतच काढावे लागते. सहा तासांच्या आत बोलावणे बरे, असे समजून चालावे. वय झाले होते, चष्मा होता किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती म्हणून नेत्रदान होणार नाही हा समज चुकीचा आहे, कारण उपयोगात येते ते डोळ्याच्या पुढचे पारदर्शक पटल. पथक येईपर्यंत पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा. यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांचे दान मुख्यतः अतिदक्षता विभागात मेंदूमृत्यू झालेल्या रुग्णांच्या बाबतीत शक्य होते आणि तिथे डॉक्टर स्वतःच विचारतात. देहदानाचा अर्ज व्यक्तीने भरला असला तरी वैद्यकीय महाविद्यालय जवळच्या नातेवाइकांची संमती मागते आणि शवविच्छेदन झालेला किंवा काही विशिष्ट संसर्ग असलेला देह नाकारू शकते. म्हणून देहदानाचा विचार असला तरी अंत्यसंस्काराची पर्यायी तयारी मनात असू द्यावी.

देहाची काळजी घ्यायला घरच्यांनी घाबरण्याचे कारण नाही. शरीर साधारण दोन ते चार तासांत ताठर होऊ लागते, त्यापूर्वी पापण्या मिटवाव्यात, कवळी असेल तर ती बसवावी, हनुवटीखाली छोटा गुंडाळलेला टॉवेल ठेवावा आणि हातपाय सरळ करून घ्यावेत. खोली थंड ठेवावी. सांसर्गिक आजार असेल तरच विशेष खबरदारी लागते आणि ती डॉक्टर सांगतात. एक गोष्ट मात्र न चुकता सांगायची: छातीत पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसवलेले असेल आणि दहन करायचे असेल, तर ते आधी काढावे लागते, कारण त्यातील बॅटरी उष्णतेने फुटते. स्मशानातील कर्मचाऱ्याला हे ठाऊक असण्याचा काहीच मार्ग नसतो. ते आपणच सांगायचे.

दोन वेगळे कागद

मृत्यूनंतर मिळणारा डॉक्टरांचा कागद आणि मृत्यूचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत पुढे फार त्रास देते. पहिला म्हणजे मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र. ते दाखवून नोंदणी कार्यालयात मृत्यूची नोंद केली की मिळतो तो दुसरा, म्हणजे दाखला. बँक, विमा, निवृत्तिवेतन, मालमत्ता या सगळ्यांना हा दुसरा कागद हवा असतो.

वैद्यकीय प्रमाणपत्र मिळताच तिथेच उभे राहून वाचावे. जागतिक आरोग्य संघटनेने आखून दिलेल्या नमुन्यात कारणांची साखळी लिहायची असते: पहिल्या ओळीत प्रत्यक्ष मृत्यू घडवणारी गोष्ट, तिच्याखाली ती ज्यामुळे झाली ती, आणि सर्वांत खाली मूळ आजार. उदाहरणार्थ वर मेंदूतील रक्तस्राव आणि त्याखाली दीर्घकाळचा उच्च रक्तदाब. मधुमेहासारखा हातभार लावणारा पण साखळीत न बसणारा आजार दुसऱ्या भागात येतो. घाईत कधीकधी नुसते ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिले जाते. हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते. ते कारण नव्हे. अशा मोघम नोंदीवर विमा कंपनी प्रश्न विचारते आणि तोवर संबंधित डॉक्टर बदलून गेलेले असू शकतात. त्यामुळे डॉक्टरांना त्याच वेळी, शांतपणे, पूर्ण कारण लिहिण्याची विनंती करावी.

नोंदणीच्या अर्जाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. वडील गेले त्या सकाळी रुग्णालयाच्या मार्गिकेत भिंतीला टेकून, गुडघ्यावर कागद ठेवून मी तो अर्ज भरला. अर्ज इंग्रजीत होता आणि वडील आपल्या नावात जे अक्षर दोनदा लिहीत असत, ते मी एकदाच लिहिले. दाखल्यावरही तसेच आले. बँकेतले नाव वेगळे, पॉलिसीवरचे वेगळे आणि दाखल्यावरचे तिसरेच, अशी स्थिती झाली आणि ते एक अक्षर दुरुस्त होऊन येईपर्यंत चार महिने गेले; तोवर प्रत्येक अर्ज ‘नाव जुळत नाही’ या शेऱ्यासह परत येत होता. म्हणून अर्ज भरताना समोर ओळखपत्र ठेवावे, नाव त्यावरून अक्षरशः उतरवावे, जन्मतारीख, पत्ता आणि पालकांची किंवा जोडीदाराची नावे पडताळावीत आणि शक्य असेल तर त्या दिवशी कमी हललेल्या माणसाकडून तो अर्ज एकदा वाचून घ्यावा. आपण सावध आहोत असे त्या दिवशी प्रत्येकालाच वाटत असते.

दाखल्याच्या अधिकृत प्रती सुरुवातीलाच भरपूर मागवाव्यात. खाती, पॉलिसी, मालमत्ता आणि निवृत्तिवेतन यांची एकूण संख्या मोजून त्यात दोन-चार मिळवावेत. काही संस्था मूळ प्रत बघून परत देतात, काही ठेवून घेतात. व्यक्तीची मालमत्ता किंवा खाते दुसऱ्या देशात असेल, तर दाखल्यावर अपोस्टील नावाचे प्रमाणन लागू शकते. १९६१ च्या हेग करारातील देश एकमेकांचे सरकारी कागद या शिक्क्यावर स्वीकारतात.

परदेशात मृत्यू झाल्यास पहिला फोन आपल्या देशाच्या दूतावासाला किंवा वाणिज्य दूतावासाला करावा आणि दुसरा प्रवासविम्याच्या कंपनीला. देह मायदेशी आणण्यासाठी देह टिकवण्यासाठीचे रासायनिक लेपन, सीलबंद शवपेटी आणि दोन्ही देशांचे परवाने लागतात, त्यात दिवस मोडतात आणि खर्चही मोठा असतो. विमा असेल तर कंपनीला न विचारता स्वतः व्यवस्था ठरवू नये.

एक वही आणि दोन माणसे

कागदांचे काम एकाने आणि माणसांचे काम दुसऱ्याने करावे. फोन घेणे, भेटायला येणाऱ्यांशी बोलणे, अंत्यसंस्काराची वेळ कळवणे हे करणाराच जर कार्यालयांतून फिरत असेल, तर दोन्ही अर्धवट होते. शक्यतो सर्वांत जवळचा, म्हणजे पती, पत्नी किंवा आई-वडील, या दोहोंपैकी कोणत्याच भूमिकेत असू नये. सही करण्यापुरते त्यांना बोलवावे.

आमच्याकडे कागदांचे काम बहिणीने घेतले. तिने भाच्याची अर्धी भरलेली गणिताची वही उलटी केली आणि मागच्या पानापासून लिहायला सुरुवात केली: तारीख, कोणत्या संस्थेत कोणाशी बोललो, त्यांनी काय मागितले, काय दिले, पोच मिळाली का, पुन्हा कधी विचारायचे. एका बाजूला वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि दुसऱ्या बाजूला पॉलिसीचे क्रमांक. तिसऱ्या महिन्यात एका संस्थेने ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ असे सांगितले तेव्हा तिने तारीख, वेळ आणि पोचेचा क्रमांक वाचून दाखवला आणि अर्ज सापडला. अशा काळात स्मरणशक्तीवर विसंबू नये. एकच गोष्ट तिघांना तीनदा विचारली जाते आणि एखादी कोणीच विचारत नाही.

निधनवार्ता देताना नाव, वय आणि अंत्यसंस्काराची जागा-वेळ पुरेशी असते. पूर्ण जन्मतारीख, घराचा पत्ता, आईचे माहेरचे नाव असा तपशील देऊ नये, कारण खात्यांच्या सुरक्षाप्रश्नांची उत्तरे हीच असतात. अंत्यसंस्काराच्या वेळी घर रिकामे असणार हेही बातमीतून कळते. कोणीतरी एक जण घरी थांबावा.

फोन बंद करू नये

मासिक बिल वाचवायचे म्हणून मृत व्यक्तीचे सिम कार्ड पहिल्या आठवड्यातच बंद केले जाते आणि ही चूक फार महागात पडते. बँक, विमा, ई-मेल, करखाते, गुंतवणूक या सगळ्यांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. शिवाय येणाऱ्या संदेशांतूनच कळते की कोणत्या पॉलिसीचा हप्ता थकला आहे, कोणती वर्गणी आपोआप कापली जात आहे, कोणते खाते होते जे आपल्याला ठाऊकच नव्हते. निदान सहा महिने तरी तो क्रमांक चालू ठेवावा आणि फोन चार्ज करून एका ठरावीक जागी ठेवावा. मात्र तो क्रमांक माहिती कळण्यासाठी वापरावा; मृत व्यक्तीच्या नावाने व्यवहार करण्यासाठी नव्हे.

ऑनलाइन खात्यांच्या बाबतीत कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत. गुगलमध्ये खाते निष्क्रिय झाल्यावर काय करायचे हे व्यक्तीला जिवंतपणी ठरवता येते: ३, ६, १२ किंवा १८ महिने वापर नसेल तर कमाल दहा जणांना कळवले जाते आणि निवडलेली माहिती त्यांना मिळू शकते. अ‍ॅपलच्या फोनमध्ये वारस-संपर्क नेमण्याची सोय डिसेंबर २०२१ पासून आहे. त्या व्यक्तीकडे प्रवेश-कळ (नेमणूक करताना तयार होणारा संकेतांक) आणि मृत्यूचा दाखला दोन्ही असावे लागतात. फेसबुकचे खाते स्मृतिखात्यात बदलता येते किंवा काढून टाकता येते. अशी सोय केलेली नसेल तर दाखला जोडून कंपनीकडे अर्ज करावा लागतो आणि पासवर्ड कोणीच देत नाही. छायाचित्रे जपायची असतील तर त्याकडे मात्र लवकर बघावे: गुगलचे वैयक्तिक खाते दोन वर्षे न वापरल्यास पुसले जाऊ शकते, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे खाते साधारण १२० दिवसांच्या निष्क्रियतेनंतर रद्द होते.

पैसे आणि कर्जे

मुखत्यारपत्र मृत्यूच्या क्षणी संपते. आजारपणात मुलगा किंवा मुलगी त्या अधिकाराने आईचे खाते चालवत असेल, तरी मृत्यूनंतर त्याच सहीने पैसे काढणे बेकायदा ठरते. एटीएम कार्डाचेही तसेच आहे. अंत्यसंस्काराचा खर्च भागवायचा असतो, पिन माहीत असतो, आणि हेतूही वाईट नसतो. तरी इतर वारसांना पुढे याचा हिशेब द्यावा लागतो आणि भावंडांमधले वाद अनेकदा इथूनच सुरू होतात. खर्च कुटुंबातल्या कोणी स्वतःच्या पैशाने करावा, पावत्या वहीत चिकटवाव्यात आणि नंतर तो मालमत्तेतून वळता करून घ्यावा. अंत्यसंस्काराचा वाजवी खर्च मालमत्तेतून आधी फेडण्याची तरतूद अनेक देशांत आहे. कित्येक बँका बिल दाखवल्यास ती रक्कम परस्पर अदा करतात.

नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे वारस असे सर्रास समजले जाते. पुष्कळ ठिकाणी नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारण्यापुरतीच असते आणि तिने ते कायदेशीर वारसांना द्यायचे असतात. काही देशांत आणि काही योजनांत तीच मालक होते. संयुक्त खात्यातही हयात खातेदाराला रक्कम आपोआप मिळते की नाही, हे खाते उघडतानाच्या अटींवर ठरते. तोंडी उत्तरावर न थांबता ती अट लेखी मागावी.

मृत्युपत्र आहे का हे घरातली कागदपत्रे, लॉकर, वकील आणि जिथे नोंदणीची सोय आहे तिथले कार्यालय या क्रमाने पाहावे. सापडलेल्या मूळ प्रतीवर काही लिहू नये, तिला टाचणी लावू नये आणि लावलेली टाचणी काढूही नये, कारण आणखी एखादे पान होते का, असा प्रश्न त्या छिद्रांवरून उपस्थित होऊ शकतो. एकापेक्षा जास्त मृत्युपत्रे सापडली तर सर्व जपून वकिलांकडे द्यावीत.

वसुलीचे फोन येऊ लागले की कुटुंब घाबरते आणि ‘भरून टाकू’ म्हणते. तसे कबूल करण्यापूर्वी थांबावे. अनेक देशांत कर्ज मृताच्या मालमत्तेतून फेडले जाते आणि सहकर्जदार किंवा जामीनदार असल्याशिवाय वारसाच्या स्वतःच्या खिशाला हात लागत नाही. परंतु सगळीकडे तसे नाही. उदाहरणार्थ जर्मनीत वारशाबरोबर कर्जही येते आणि वारसा नाकारायचा असेल तर साधारणपणे सहा आठवड्यांत तसे कळवावे लागते. म्हणजे ‘नंतर बघू’ म्हणण्याजोग्या कामांतले हे एक काम खरे तर मुदतीचे आहे: मालमत्तेपेक्षा देणी जास्त असण्याची शंका असेल, तर पहिल्या पंधरवड्यातच वकिलांना विचारावे. गृहकर्जावर आणि क्रेडिट कार्डावर विमा होता का, हेही तेव्हाच तपासावे. तो असतो, आणि कुणाच्या लक्षात नसतो.

विम्याचा दावा उशिरा केला म्हणून नेहमी फेटाळला जातो असे नाही, तरी लेखी सूचना लवकर द्यावी आणि मूळ पॉलिसी देताना पोच घ्यावी. निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाला कळवण्यात मात्र चालढकल नको. मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम परत मागितली जाते आणि ती खर्च झाली असेल तर अडचण होते. शिवाय जोडीदाराचे कुटुंब-निवृत्तिवेतन त्याच अर्जावर सुरू होणार असते. घर रिकामे राहणार असल्यास घराच्या विमा कंपनीला आणि मृताच्या नावावरचे वाहन कोणी चालवणार असल्यास वाहनविम्याच्या कंपनीला आधी विचारावे. मृत व्यक्तीचे त्या वर्षाचे करविवरणपत्रही सहसा कोणीतरी भरावेच लागते.

घरातल्या वस्तू

उरलेली औषधे पहिल्या आठवड्यातच एकत्र करावीत. मॉर्फिनच्या गोळ्या, फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाचे त्वचेवर चिकटवायचे पट्टे आणि इन्सुलिन घरात पडून राहणे धोक्याचे असते, विशेषतः लहान मुले असतील किंवा घरातले कोणी फार खचलेले असेल तर. वापरलेल्या पट्ट्यातही औषध शिल्लक असते. औषधे परत घेणारे दुकान किंवा रुग्णालय असेल तिथे ती द्यावीत. प्राणवायूचा सिलिंडर आणि भाड्याचा पलंग लगेच परत करावा, कारण भाडे चालूच राहते. कपडे, पुस्तके, चष्मा यांना कसलीही मुदत नाही. मदतीला आलेल्यांनी उत्साहाने कपाट रिकामे केले आणि वर्षभरानंतर त्यातला एखादा स्वेटर शोधला गेला, असे पुष्कळ घरांत घडते.

घर विकणे, दुसऱ्या गावी राहायला जाणे, मिळालेली विम्याची रक्कम गुंतवणे असे निर्णय शक्यतो वर्षभर लांबवावेत. पैसे आल्याची कुणकुण लागताच सल्ला देणारे दारात उभे राहतात. त्यांना ‘अजून ठरवले नाही’ एवढेच सांगावे. लहान मुलांना ‘झोपले आहेत’ किंवा ‘गावाला गेले’ असे सांगण्याऐवजी ‘वारले’ हाच शब्द वापरावा, नाहीतर ती झोपायला घाबरतात किंवा वाट पाहत राहतात. सहा महिने उलटूनही एखाद्याचे रोजचे जगणेच ठप्प झाले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात अशा लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे.

आमच्या वहीत शेवटची नोंद अकराव्या महिन्यातली आहे. सगळी खाती बंद झाल्याची आणि एकाही संस्थेकडे तो क्रमांक उरला नसल्याची खातरजमा करून, फोनमधले वडिलांच्या आवाजातले संदेश दोन ठिकाणी उतरवून घेतल्यावर बहिणीने सिम कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला आणि त्याची पोच वहीच्या शेवटच्या पानाला लावली.